शक्तिमानची ताकद नेमकी किती?

‘शक्तिमान’ हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण! दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झालेली ही मालिका २००५ पर्यंत चालली. म्हणजे आपली बॅच तेव्हा जेमतेम पाळण्यात होती. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती परत दाखवली आणि आमच्या चिंचपाड्यात घरोघरी मोठी माणसं आणि पोरं एकत्र बसून बघायला लागली. मोठे जुन्या आठवणीत रमले, पोरं मात्र प्रश्न विचारत सुटली. त्यातले काही प्रश्न खरंच विचार करण्यासारखे आहेत.

पहिला प्रश्न सगळ्यांचाच. गंगाधर चष्मा लावतो, दात पुढे काढतो, आणि ‘आज की आवाज’च्या ऑफिसात कोणालाच काही कळत नाही? गीता विश्वास तर पत्रकार! पण हे आपण चालवून घेऊ. सुपरमॅनचं तरी वेगळं काय आहे? वेशांतर ही अशा गोष्टींची जुनी सवलतच आहे.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. शक्तिमानची ताकद किती? ती पंचमहाभूतांतून आणि कुंडलिनी जागृत करून आली, एवढं सांगितलंय. पण ती कुठे संपते? एखाद्या एपिसोडमध्ये तो साध्या राक्षसाकडून मार खातो, नंतर ध्यान लावतो आणि हवी तेवढी शक्ती मिळवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मशीन आहे, पण स्पेसिफिकेशन शीट नाही. लोड किती घेईल हेच माहीत नसेल तर ते फेल होईल की नाही याची धाकधूक कशी वाटणार?

गंमत म्हणजे शक्तिमान झालेले मुकेश खन्ना त्याआधी बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये भीष्म होते आणि तमराज किल्विष झालेले सुरेंद्र पाल द्रोणाचार्य! तिथे दोघांनाही पक्के नियम होते. भीष्म शिखंडीवर शस्त्र उचलणार नाहीत, अश्वत्थामा गेल्याचं ऐकलं की द्रोण शस्त्र खाली ठेवणार. शक्ती अफाट, पण मर्यादा आधीच ठरलेली. म्हणून शेवट माहीत असूनही आपण श्वास रोखून बघतो.

तिसरा प्रश्न किल्विषचा. त्याला जगभर अंधार हवा आहे. मग तो एका वेळी एकच माणूस का पाठवतो? सगळे एकदम पाठवले असते तर मालिका एका आठवड्यात संपली असती, हे खरं कारण. पण गोष्टीतही काहीतरी कारण हवं ना?

चौथा प्रश्न इंजिनिअरिंगवाल्यांना टोचणारा. योग हीरोकडे आणि लॅब खलनायकाकडे! सगळ्यात लक्षात राहणारा शास्त्रज्ञ कोण, तर किल्विषचा डॉ. जैकाल. विज्ञान आणि योग समोरासमोर आणलेत, पण दोघांचं भांडण नेमकं कशावरून हे नीट मांडलेलं नाही. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या की फरक कळतो. तिथे एक कल्पना घेतली की तिचे परिणाम शेवटपर्यंत तपासलेले असतात.

कोणी म्हणेल, लहान मुलांची मालिका, एवढं काय मनावर घ्यायचं? पण मुलांसाठी असल्यामुळेच घ्यायला हवं. त्या काळात, शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या पेपरात आल्या होत्या. दोष मालिकेचा नाही, असं मुकेश खन्नांचं म्हणणं होतं. दोष कोणाचा हे मी ठरवू शकत नाही. पण तो कधी येऊ शकत नाही हे गोष्टीतच सांगितलं असतं, तर सूचना वेगळी द्यायची गरज कमी पडली असती. एपिसोडच्या शेवटी तो मुलांना चांगल्या सवयी समजावून सांगायचा आणि मुलं ऐकायची. एवढा ज्याच्यावर विश्वास, त्याच्या मर्यादाही मुलांना कळायला हव्या होत्या.

२०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर चित्रपट करणार असं जाहीर केलं होतं. तो कोणीही, कधीही बनवो, आमची एकच विनंती. व्हीएफएक्सचं बजेट ठरवण्याआधी एका कागदावर लिहून काढा : शक्तिमान काय करू शकतो आणि काय करू शकत नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. गोष्ट तिथूनच सुरू होते!