मुंबईचा वसंत आणि मुलांच्या सहली

मुंबईत वसंत फार दिवस रेंगाळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटेचा गारवा ओसरू लागतो, मार्चमधल्या दुपारी चटके देतात आणि एप्रिल लागला की घामाच्या धारा सुरू होतात. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखातला असला तरी शहरातली झाडे माघ-फाल्गुनातच फुलायला लागतात. शाळांच्या परीक्षाही नेमक्या याच दिवसांत असतात, त्यामुळे सहलीसाठी शनिवार-रविवारची सकाळ किंवा संध्याकाळच हाती राहते. नीट आखणी केली तर तेवढा वेळ पुष्कळ होतो.

आखणीत पहिला विचार उन्हाचा करावा लागतो. मुंबईची हवा समुद्रावरच्या वाऱ्यामुळे सौम्य राहते. मार्चमध्ये काही दिवस जमिनीकडून येणारा पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि त्या दिवशी पारा चाळिशीजवळ पोचतो. म्हणून लहान मुलांना घेऊन निघायचे तर साडेसहा-सातला घर सोडावे आणि दहा-साडेदहापर्यंत सावलीला यावे. एका सकाळी एकच जागा पाहावी हेही महत्त्वाचे. तीन ठिकाणे उरकायला गेले की मुलांच्या वाट्याला फक्त प्रवास येतो.

वसंताची पहिली वर्दी रस्त्यावरची झाडे देतात. पिंपळाला तांबूस, काचेसारखी चमकणारी पालवी फुटते. कोवळ्या पानात हिरवे द्रव्य अजून पुरेसे तयार झालेले नसते आणि तांबडे द्रव्य त्याला कडक उन्हापासून सांभाळते. आठवड्याच्या अंतराने तेच झाड मुलांना पुन्हा दाखवले की रंग बदललेला त्यांना आपोआप कळतो. विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला टॅबेबुयाची झाडे गुलाबी फुलांनी भरून जातात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या मातीतले पळस, पांगारा आणि काटेसावर पाहायचे असतील तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठावे.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल शहराच्या पोटात आहे, आणि बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत त्याच्या दारात पोचता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथली बरीच झाडे निष्पर्ण होतात आणि नेमकी तेव्हाच फुलतात. पाने आड येत नसल्याने लाल-केशरी फुले पाखरांना दुरूनच दिसतात. बुलबुल, मैना, कावळे, शिंजीर मधासाठी या फुलांवर येतात आणि परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतात. काटेसावरीखाली सकाळी ताज्या फुलांचा सडा पडलेला असतो. त्यातले एक फूल मुलांच्या हातात द्यावे. पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका. तो मोजायला बसले की आकडा साठ-सत्तरच्या घरात जातो. पाकळीच्या तळाशी बोट लावले तर मधाचा ओलावा लागतो. कावळा एवढ्या जाडजूड फुलात चोच का खुपसतो, हे मग समजावून सांगावे लागत नाही. पळसाला पाने तीनच, ही म्हणही इथे डोळ्यांनी पडताळून पाहता येते. उद्यानात झाडावरचे फूल तोडू नये आणि खाली पडलेलेही तिथेच ठेवून यावे. पळसाची सुकी फुले बाजारातून आणून रंगपंचमीच्या आदल्या रात्री गरम पाण्यात भिजत घातली की सकाळी खेळण्याजोगा केशरी रंग तयार असतो.

याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या बेसॉल्टच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि त्यांची सुरुवात इसवी सन पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. मोठा चैत्य सगळेच पाहतात. मुलांना जास्त गुंतवतात ती पाण्याची पोढी, म्हणजे टाकी. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवण्याची सोय तिथल्या भिक्षूंनी केली होती. पन्हळ कुठून येते आणि कुठे जाते याचा माग काढण्यात तासभर सहज जातो. खडक दहानंतर तापतो, म्हणून आधी लेणी पाहावीत आणि नंतर झाडांची सावली धरावी. माकडे हातातला खाऊ ओढतात, तेव्हा डबा पिशवीतच राहू द्यावा. उद्यान सोमवारी बंद असते.

अगदी लहान मुलांसाठी भायखळ्याची राणीची बाग सोयीची. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६१ साली उभे राहिले ते वनस्पती उद्यान म्हणून, आणि वसंतात त्याची ही मूळ ओळख पुन्हा पुढे येते. पेंग्विनपुढच्या रांगेत सगळी सकाळ घालवण्यापेक्षा झाडांखाली फिरणे अधिक फायद्याचे. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा हातात हात धरून मोजता येतो. कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, हे पाहून मोठी माणसेही थबकतात. बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत जुन्या मुंबईतल्या लोकांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. बाहेरच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात.

मुंबईच्या वसंतातले सर्वांत मोठे दृश्य मात्र ठाणे खाडीत दिसते. साधारण नोव्हेंबरपासून रोहित पक्षी इथे उतरू लागतात आणि मेअखेर, कधी जूनपर्यंत राहतात. त्यांतले काही कच्छच्या रणातून येतात, असे मानले जाते. खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. छोटा रोहित गडद गुलाबी आणि काळपट लाल चोचीचा असतो. मोठा रोहित उंच, पांढुरका, आणि त्याच्या गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे. थव्यातले राखाडी पक्षी म्हणजे लहान वयाची पिल्ले. अंगावरचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत अडकलेले शेवाळ व सूक्ष्म जीव गिळतो. त्यांतल्या रंगद्रव्यांनी पिसे रंगतात.

ऐरोलीला वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरतीच्या वेळी होड्या सुटतात. मुंबईच्या बाजूने शिवडी आणि भांडुपचे उदंचन केंद्र या जुन्या जागा. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर दूर पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात, आणि साध्या दुर्बिणीतूनही चोच ओळखता येते. पक्षी येईपर्यंत मुलांनी पायाखालचा चिखल पाहावा. तिथे निवट्या सरपटत असतात. हा मासा पुढच्या परांवर रेटा देत पाण्याबाहेर चालतो आणि अंगावरचा ओलावा टिकून आहे तोवर बाहेर श्वासही घेऊ शकतो.

भरतीची वेळ आगाऊ काढण्याचा कोकणातला हिशेब मुलांना पंचांग उघडून शिकवण्याजोगा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारी, आणि पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहाला. थोडाफार फरक पडतो, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेच. अष्टमीच्या आसपासचा रविवार रोहितांना द्यावा आणि पौर्णिमा-अमावास्येजवळचा किनाऱ्याला, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे हटते.

ओहोटीला गिरगाव, हाजीअली, कार्टर रोडच्या खडकांत पाण्याची डबकी उघडी पडतात. त्यांत समुद्रफुले, गोगलगायी आणि दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे दिसतात. जुहूच्या वाळूवर नखाएवढ्या खेकड्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. पाणी हटले की तो बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, कणांवरचे अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे टाकतो. घटकाभरात बिळाभोवती गोळ्यांच्या ओळींची नक्षी उमटते. पुढच्या भरतीत ती पुसली जाते. हालचाल जाणवली की खेकडा क्षणात आत जातो, त्यामुळे चुळबुळ्या मुलांनाही दोन मिनिटे स्थिर बसावे लागते. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशा किनाऱ्यांवर जाणकारांसोबत फेऱ्या काढतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अशा फेरीबरोबरच जावे. स्वतंत्र जायचे तर पकड असलेले बूट घालावेत, पाणी वळण्याआधी परतावे, उचललेला दगड होता तसा ठेवावा. रिकामे शंखही घरी नेऊ नयेत, कारण कुणा वाढत्या खेकड्याला त्यात घर करायचे असते.

दुपारी सावली हवी असेल तेव्हा वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, जवळचे तारांगण किंवा फोर्टमधले छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, त्यातला २०१९ साली सुरू झालेला मुलांचा विभाग. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सवात मुलांसाठी विनामूल्य कार्यशाळा असतात. गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगाव आणि डोंबिवलीच्या शोभायात्रांत लेझीम आणि ढोल जवळून ऐकायला मिळतो. तान्ह्या मुलांच्या कानांना मात्र तो आवाज सोसत नाही, त्यांना थोडे लांबच ठेवावे.

काही गोष्टींसाठी घराबाहेर पडायचीही गरज नाही. खिडकीतल्या कढीलिंबावर किंवा लिंबाच्या रोपावर फुलपाखरू अंडी घालून जाते. पहिल्या दिवसांतली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळेच वाचते. मोठी झाली की ती हिरवी होते, मग कोष करते, आणि महिनाभरात फुलपाखरू बाहेर पडते. त्या काळात रोपावर औषध फवारू नये आणि पाने खाल्ल्याची तक्रार करू नये.

गच्चीवर एक मीटरची काठी उभी करून सावली मोजणे हा दुसरा उद्योग. मुंबई १९ अक्षांशावर असल्याने २०-२१ मार्चच्या माध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, ही सावली सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. दर रविवारी खडूने खूण केली की ती आखडत जाते, आणि १५ मेच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो तेव्हा काठीला सावलीच उरत नाही. हा योग जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा ढगांनी भरलेले असते, त्यामुळे पाहायचे ते मेमध्येच.