वीतभर खिडकी, अख्खा समुद्र

विदर्भातल्या दारव्ह्यात आमच्या जुन्या घरावर कवेलू होते. मृग लागायच्या आधी ते फेरायला एक म्हातारा माणूस यायचा. आई त्याला पाणी कुठं टपकतं ती जागा बोटानं दाखवायची. तो तिकडं फारसं बघायचाच नाही. त्याची नजर वाशावरून वर चढत जायची आणि पाच-सहा हात वर, आढ्याजवळचं एखादं तडकलेलं कवेलू काढून तो आईच्या हातात द्यायचा. "पाणी शिरते इथून बाई, अन् टपकते तिथं," एवढंच म्हणायचा.

गेल्या मे महिन्यात मुंबईजवळच्या एका खाडीकाठी मला त्या माणसाची आठवण झाली. माझ्या भाच्यानं मित्रांबरोबर एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. फायबरची, तीस फुटांची, वयानं चाळिशीची. पावसाळ्यात या होड्या किनाऱ्यावर चढवून ठेवतात. त्याआधी डागडुजी करायची होती. केबिनमधल्या झोपायच्या फळीवरची गादी दोन वर्षं ओली व्हायची आणि ती ओल वरच्या खिडकीतून येते, हे उघड दिसत होतं. भाच्यानं दर हंगामात खिडकीच्या बाहेरच्या कडेनं सिलिकॉनची एकेक नळी पिळली होती. थरावर थर. गादी ओलीच.

"मामा, आता खिडक्याच बदलायच्या," तो म्हणाला. मी समुद्रापासून पाचशे किलोमीटरहून दूर वाढलेला माणूस. कुतूहल म्हणून गेलो आणि चार दिवस तिथंच अडकलो.

अशा खिडकीला होडीवाले पोर्टलाइट म्हणतात. वीतभर उंच, दोन वितींपेक्षा थोडी कमी रुंद, कोपरे गोल. काही पोर्टलाइट कायमचे बंद असतात, त्यांतून फक्त उजेड येतो. काही उघडतात. उघडणारी खिडकी ही चैन नव्हे. मुंबईच्या ऑक्टोबरात नांगर टाकून उभ्या असलेल्या बंद केबिनमध्ये अर्धा तास बसून पाहा, वाऱ्याच्या एका झुळकेची किंमत कळते. पण ज्या क्षणी आपण म्हणतो की ही खिडकी उघडायला हवी, त्या क्षणी आपण समुद्राशी फार अवघड करार करतो.

बंद खिडकीला पाणी अडवायची सीमा एकच, चौकट आणि भिंत यांच्यामधली. उघडणाऱ्या खिडकीला दोन. पहिली तीच. दुसरी काचेची झडप आणि चौकट यांच्यामधली. दोघींचा स्वभाव अगदी उलटा. पहिलीनं कधीच हलायचं नाही. दुसरीनं रोज उघडायचं, रोज मिटायचं आणि मिटल्यावर कधी उघडलीच नव्हती अशी मिटायची. गळती शोधताना माणसं या दोघींची गल्लत करतात, आणि निम्मी मेहनत तिथंच वाया जाते.

झडपेची गोष्ट आधी सांगतो, कारण ती मला जास्त थक्क करून गेली. घरातला आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आठवा. आतली वाफ झाकणाला बाहेर ढकलते, झाकण कडेवर आणखी घट्ट बसतं. दाब जितका वाढेल तितकी पकड वाढते. पोर्टलाइटमध्ये याच्या बरोबर उलटं असतं. बहुतेक होड्यांत ही झडप आत उघडते. म्हणजे बाहेरून येणारी लाट तिला बंद करत नाही, उघडायला बघते. मग ती बाहेर उघडणारी का केली नाही? कारण बाहेर उघडलेली काच एखाद्या दोराला अडकून किंवा लाटेच्या एका फटक्यात निघून जाईल, आणि वादळात ती लावायला माणसाला डेकवर जावं लागेल. आतून लावता येणं महत्त्वाचं ठरलं आणि समुद्राशी झुंजायचं काम दोन-तीन छोट्या फिरकीच्या मुठींवर आलं.

किती झुंज? पंधरा सेंटिमीटर उंच आणि पस्तीस सेंटिमीटर रुंद काच धरा. तिच्यावर एक मीटर पाणी उभं राहिलं तर साधारण बावन्न किलोचा भार पडतो. सिमेंटची एक गोणी. आदळणाऱ्या लाटेचा धक्का याहून मोठा असू शकतो. आणि ही गोणी पेलून धरायची मुठींनी, पाणी अडवायचं बोटाहून बारीक रबराच्या पट्टीनं.

त्या पट्टीचं काम नुसतं फट बुजवायचं नसतं. तिनं ढकलायचं असतं. मूठ आवळली की रबर त्याच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा दबतं आणि दबलेलं रबर सतत परत फुगायची धडपड करतं. त्या धडपडीमुळेच ते काचेच्या प्रत्येक बारीक उंचसखल जागेत जाऊन बसतं. रबर म्हातारं होतं म्हणजे ही धडपड संपते. भाच्यानं जुन्या खिडकीतलं रबर उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर काचेच्या कडेची खोल चाकोरी उमटली होती, जुन्या पांदणीत बैलगाडीच्या चाकाची उमटते तशी. बोटानं दाबलं तर ते दबलं नाही, आणि दबलेलं होतं ते वर आलं नाही. फट बुजवायला ते हजर होतं, पण ढकलणं त्यानं सोडलं होतं.

मग माणूस काय करतो? मूठ आणखी आवळतो. भाच्यानंही तेच केलं होतं. खिडकीची चौकट प्लास्टिकची. मुठींपाशी ती आत ओढली गेली आणि मधला भाग कमानीसारखा बाहेर आला. जिथं आवळलं तिथं घट्ट, दोन मुठींच्या मध्ये सैल. जोर लावून गळती थांबत नाही, सरकते.

चौकटीची कहाणी वेगळी. तिथं शत्रू ऊन आहे. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेल्या विदर्भातल्या माणसाला उन्हानं लोखंड फुगतं हे सांगावं लागत नाही. प्लास्टिक त्याहून कितीतरी जास्त फुगतं. चाळीस सेंटिमीटर लांब प्लास्टिकची चौकट पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापली तर एक मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते. तिच्यामागची फायबरची भिंत त्याच्या निम्म्यानंही वाढत नाही. हा फरक रोज सकाळी पडतो, रोज रात्री मिटतो. मधल्या चिकट थराला चाळीस वर्षं रोज ताणायचं आणि दाबायचं. जो थर वाळून कडक झाला तो कुठंतरी सुटणारच.

आणि सुटला की पाणी कुठं जातं? इथं मला कवेलू फेरणारा म्हातारा भेटला. स्क्रू काढून जुनी चौकट बाहेर ओढली तेव्हा भिंतीचा कापलेला काठ दिसला. अशा होड्यांची केबिनची भिंत अनेकदा एकसंध नसते. दोन्ही बाजूंना फायबरचा पातळ पापुद्रा आणि मध्ये हलकं लाकूड, बहुधा बाल्सा. वजन कमी, ताकद जास्त. भाच्यानं मधल्या लाकडात पेचकस टोचला. तो काहीच अडथळा न येता मुठीपर्यंत आत गेला, आणि काठावरून गाळलेल्या चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. लाकूड नव्हतंच तिथं, भिजलेली चहापत्ती होती. पाणी वर्षानुवर्षं चौकटीमागून शिरत होतं, भिंतीच्या पोटात मुरत होतं, आणि पोट भरल्यावर उरलेलं खाली गादीवर टपकत होतं. आम्ही ज्याला गळती म्हणत होतो ते फक्त ओसंडलेलं पाणी होतं. बाहेरच्या सिलिकॉननं तर आत शिरलेल्या पाण्याची परतीची वाटही अडवली असणार.

खिडकी बदलायच्या कामात खिडकी बसवणं सगळ्यात शेवटी येतं, हे मला तेव्हा कळलं. आधी भिंतीचं पोट साफ करायचं. एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये धरला, आणि तो फिरवत दोन पापुद्र्यांमधलं कुजलेलं लाकूड कोरडं, पांढरं लाकूड लागेपर्यंत खरवडून काढलं. मग दिवे लावून वाळवलं. मग घट्ट कालवलेलं इपॉक्सी त्या पोकळीत भरलं. ते कडक झालं की खिडकीच्या भोकाला चहूबाजूंनी एक भरीव काठ मिळतो, जणू दगडी उंबरा. पुढं कधी चौकटीमागून पाणी शिरलंच तरी त्याला लाकूड सापडत नाही. मला विचाराल तर साऱ्या दुरुस्तीचा जीव इथं आहे. नवी कोरी खिडकी कुजलेल्या भिंतीत बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

इपॉक्सी सुकेपर्यंत हात रिकामे होते. तेव्हा भाच्यानं मला सुहैलीची गोष्ट सांगितली आणि ती ऐकताना मला दारव्हा आठवत राहिलं.

सुहैली ही बत्तीस फुटांची शिडाची होडी मुंबईत कुलाब्याला बांधली गेली. सागवानी लाकडाची. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. 14 जून 1968 रोजी तो इंग्लंडमधल्या फॅल्मथहून एकटा निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारून तिथंच परतला. एकट्यानं, न थांबता असं करणारा तो पहिला माणूस. अशी फेरी मारायची ती एक शर्यतच होती; तीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा तो एकटा.

पण निघाल्यावर काही आठवड्यांतच होडीत पाणी साचू लागलं. अटलांटिकमध्ये त्यानं बुडी मारून पाहिलं. तळाच्या कण्याजवळ, दोन्ही बाजूंना, फळ्यांमधली काही फूट लांब फट होडी डोलेल तशी उघडत-मिटत होती. त्यानं फटीत कापसाचा पीळ ठोकायचा प्रयत्न केला. दम संपेपर्यंत कापूस बसत नसे आणि पुढच्या बुडीपर्यंत निघून जाई. मग वर येऊन त्यानं कापूस कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवला, पट्टीला डांबर फासलं आणि ती पाण्याखाली खिळ्यांनी ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. मध्येच एक शार्क घुटमळू लागला, तेव्हा त्याला वर येऊन बंदूक चालवावी लागली. ते ठिगळ घेऊन होडी पृथ्वीभोवती फिरली.

कापूस का? लाकडी होड्यांच्या फळ्यांमध्ये कापूस ठासायची रीत फार जुनी आहे, आपल्या कोकणातही आहे. कापसाचा धागा पाणी पितो आणि फुगतो. फळ्याही पाणी पिऊन फुगतात आणि त्याला आणखी आवळतात. जे पाणी आत शिरायला बघतं त्यालाच दार बंद करायला लावायचं, अशी ही युक्ती. सुहैलीचा कापूस कुठल्या वावरातला होता कुणास ठाऊक. पण साग आणि कापूस, या दोन्ही गोष्टी यवतमाळ जिल्ह्याच्या मातीतल्या. आमच्या दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून पूर्वी धावणाऱ्या शकुंतला गाडीचा मार्ग मुळात कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायलाच इंग्रजांनी टाकला होता. लहानपणी आम्ही कापसाच्या गाड्यांवर लोळलो, तेव्हा याच्या एका पिळावर होडी तरंगू शकते हे कुणी सांगितलं नव्हतं.

फायबर पाणी पिऊन फुगत नाही, म्हणून नव्या होड्यांत कापसाची जागा रबरानं आणि चिकट पट्ट्यांनी घेतली. भाच्यानं नव्या खिडक्या स्टेनलेस स्टीलच्या, कडक काचेच्या निवडल्या. स्टील उन्हानं प्लास्टिकपेक्षा फार कमी फुगतं, फायबरच्या जवळपास. पण स्टील वाकतही नाही. होडीच्या केबिनची भिंत किंचित गोलाईत असते आणि चौकट सपाट. तशीच आवळली तर एकतर भिंत ओढली जाईल नाहीतर चौकट पिळली जाईल, आणि पिळलेल्या चौकटीत झडप कधीच नीट मिटत नाही. म्हणून आधी काहीही न लावता चौकट कोरडी बसवून पाहिली, कुठं किती फट राहते ते पेन्सिलीनं खुणावलं, आणि तेवढ्या जागी भिंतीवर इपॉक्सीचा पातळ थर चढवून सपाट बैठक केली. त्यात अख्खा एक दिवस गेला.

मग चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ब्युटाइलची पट्टी. दिसायला काळसर च्युइंगमसारखी, कधीच पूर्ण न वाळणारी. ती वाळत नाही हाच तिचा गुण. चौकट उन्हानं वाढली-आक्रसली की ती बरोबर ताणली जाते, सुटत नाही. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, थांबायचं, कडेनं बाहेर आलेली पट्टी कापायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. या पट्टीला घाई अजिबात चालत नाही.

शेवटी खडूची परीक्षा. मोठ्या मालवाहू जहाजांची झाकणं तपासायलाही हीच पद्धत वापरतात. चौकटीच्या ज्या काठावर रबर टेकतं, त्या काठाला शाळेतला पांढरा खडू घासला, झडप मिटून मुठी नेहमीच्या जोरानं लावल्या आणि पुन्हा उघडल्या. काळ्या रबरावर खडूची रेघ उमटायला हवी, चहूबाजूंनी, कुठंही न तुटता. पाच खिडक्यांवर रेघ अखंड उमटली. सहाव्या खिडकीत बिजागरीखाली नखाएवढी जागा कोरी राहिली. रबरी नळीनं पाण्याचा फवारा मारला तेव्हा पहिला थेंब त्याच जागेतून आत आला.

पाऊस सुरू झाल्यावर भाच्याचा फोन आला. पाच खिडक्यांखालच्या गाद्या कोरड्या होत्या. सहावीची बिजागरी त्यानं पातळ पत्रा घालून अर्धा मिलिमीटर उचलली आहे, रेघ आता तिथंही पूर्ण उमटते.

तुमच्या घरातली एखादी खिडकी पावसात गळत असेल तर सिलिकॉनची नळी आणण्याआधी तिचं रबर टेकतं त्या काठाला एकदा खडू लावून बघा. रेघ कुठं तुटते ते पाहा, आणि पाणी टपकतं तिथून नजर थोडी वर न्या.