हिशेब आपला, सही कोणाची?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळी आमच्या वस्तीतील एक गृहस्थ घरी आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चुरगळलेले कागद. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "जयभीम भाऊ. तुम्ही हिशेबाचं काम करता ना? हे जरा बघा. मला यातलं काही उमगत नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी साफसफाईसाठी मजूर पुरवण्याचे कंत्राट घेतले होते. कंत्राटासाठी जीएसटी नंबर लागतो, तो एका एजंटाने काढून दिला. वर्षभराने कंत्राट संपले. यांना वाटले, काम संपले म्हणजे नंबरही संपला. पण तसे नसते. नंबर चालू असेपर्यंत एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी शून्याचे रिटर्न भरावेच लागते. ते चुकले की शून्याच्या रिटर्नला दिवसाला २० रुपये, धंदा झालेला असेल तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क चढते. त्याला कमाल मर्यादा आहे, पण प्रत्येक रिटर्नला ते वेगळे लागते. नोटीस ईमेलवर गेली आणि ईमेल होता एजंटाचा. शेवटी खात्याने नंबर रद्द केला. आता दुसरे काम दारात आले होते आणि जुनी थकबाकी वाट अडवून उभी होती.

मी आदेश वाचला. राहिलेली सर्व रिटर्न भरून, आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत नंबर पुन्हा चालू करण्याचा अर्ज करायचा, हे मला माहीत होते. दिवस मोजले. बावीस उरले होते. गृहस्थ म्हणाले, "मग भाऊ, तुम्हीच करा की माझ्या वतीने. साहेबासमोर तुम्हीच उभे राहा."

इथे मी अडलो. कागद तयार करणे मला जमत होते, पण अधिकाऱ्यासमोर त्यांच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार मला नव्हता. अखेर स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटकडे त्यांना घेऊन गेलो. आकडे मी काढले, अर्जाचा मजकूर मी लिहिला. सही कन्सल्टंटची झाली. फीही त्याचीच झाली. त्याचा दोष नाही. त्याच्याकडे अधिकार होता, माझ्याकडे नव्हता.

वीस वर्षांची लेखणी

मी बी.कॉम. होऊन मशीद बंदरच्या एका पेढीवर कारकून म्हणून लागलो, त्याला वीस वर्षे झाली. १ एप्रिल २००५ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला तेव्हा मी नवखा होतो. १ जुलै २०१७ला व्हॅट जाऊन जीएसटी आला तेव्हा रात्री अकराच्या लोकलने कल्याणला परतलो, तेही महिनोन्‌महिने. दोन्ही वेळा नवा कायदा शिकलो तो पेढीसाठी. माझ्या नावावर त्यातले काही जमा झाले नाही.

आणि हे माझ्या एकट्याचे नाही. आपली कितीतरी मुले-मुली आज बी.कॉम. होऊन कोणाच्या तरी ऑफिसात टॅलीवर नोंदी करीत बसली आहेत. काम त्यांचे, नाव दुसऱ्याचे. सरकारी नोकरीची वाट अरुंद होत चालली आहे आणि खासगीत पंधरा वर्षे काढली तरी हाती फक्त अनुभवाचा दाखला. म्हणून त्या रविवारपासून एकच प्रश्न डोक्यात घोळू लागला : या वयात कराची एखादी सनद घ्यावी का?

बाबासाहेबांची सनद

अशा वेळी आपण बाबासाहेबांकडे पाहतो. बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२३मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. एवढी विद्वत्ता असताना ते बॅरिस्टर कशाला झाले? कारण नोकरीतला अपमान त्यांनी बडोद्यात भोगला होता. शेअर बाजारातील लोकांना सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी करून पाहिला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पदवीने ज्ञान मिळते, पण कोर्टात उभे राहण्याचा हक्क सनदेनेच मिळतो. ती सनद घ्यायलाही त्यांच्याजवळ पैसे नव्हते, मित्र नवल भथेना मदतीला आले.

आणखी एक गोष्ट हिशेबाचे काम करणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असावी. वकिली सुरू केल्यावर, १९२५ ते १९२८ या काळात, बाबासाहेब मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. पुढे १९५३मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. जमाखर्चाची विद्या आपल्याला परकी नाही.

कागद आणि सनद

चौकशी सुरू केली तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली, ती सर्वांनी लक्षात ठेवावी. बाजारात "जीएसटी डिप्लोमा", "टॅक्स एक्स्पर्ट" असे कोर्स खूप आहेत. काही हजार रुपये भरले की रंगीत प्रमाणपत्र मिळते. शिकायला ते उपयोगी पडतही असतील, पण त्याने कोणाच्या वतीने उभे राहण्याचा हक्क मिळत नाही. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : कायदा हा कागद ओळखतो का?

कायदा ओळखतो असे तीन रस्ते मला दिसले.

पहिला, जीएसटी प्रॅक्टिशनर. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ४८ खाली वाणिज्य पदवीधराला पोर्टलवर अर्ज करून नोंदणी मिळते. नियमाप्रमाणे नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. १०० पर्यायी प्रश्न, २०० गुण, अडीच तास. १०० गुणांना उत्तीर्ण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न इंग्रजी व हिंदीत असतात. अशा प्रॅक्टिशनरला व्यापाऱ्याने अधिकार दिल्यावर रिटर्न भरता येते, परताव्याचा अर्ज करता येतो, अधिकाऱ्यासमोर हजर राहता येते. मात्र आकडे खरे असण्याची जबाबदारी कायद्याने व्यापाऱ्याचीच राहते.

दुसरा, जी.डी.सी. अँड ए. ही महाराष्ट्र शासनाच्या सहकार खात्याची पदविका. पदवी, ही पदविका आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असेल तर सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. कायद्यात त्यासाठी मराठीचे कामचलाऊ ज्ञानही मागितले आहे. झोपडपट्टीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आपली हजारो कुटुंबे राहतात. तिथल्या सोसायट्यांचे हिशेब कोण तपासते, याचा विचार करावा.

तिसरा, सीए. तो रस्ता माझा नाही, कारण आर्टिकलशिप करायची तर पगार सोडावा लागेल. पण बी.कॉम.ला ५५ टक्के असलेल्या मुलांना इंटरमिजिएटला थेट प्रवेश आहे आणि २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. ज्यांचे वय आणि टक्के आहेत त्यांनी छोट्या सनदेवर समाधान मानू नये.

घरचा जमाखर्च

मी जीएसटीची गोष्ट घरी काढली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, पंचेचाळिसाव्या वर्षी परीक्षा? पोरगी बारावीला आहे. तिचा अभ्यास बघायचा की तुमचा?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. फीपेक्षा वेळ महाग. रविवार विहारासाठी जातो, संध्याकाळ लोकलमध्ये जाते.

थोड्या वेळाने तिनेच विचारले, "त्या माणसाकडून तुम्ही पैसे घेतले का?"

"आपल्या माणसाकडून कसे घ्यायचे?"

"हेच चुकतं तुमचं. फुकट करता, म्हणून उशीर झाला तरी कोणी बोलत नाही. तोच माणूस स्टेशनवर पैसे देऊन आला. थोडी फी घ्या, पण काम तारखेच्या आत करा."

मी गप्प झालो. वीस वर्षे सामाजिक कार्य करतो या समाधानात मी एक गोष्ट विसरलो होतो. फुकटच्या कामाला जबाबदारी चिकटत नाही. सनद घेतली की जबाबदारी घ्यावी लागते. मला भीती परीक्षेची नव्हती, ती जबाबदारीची होती.

शेठलाही विचारले, कारण नोकरी करून चोरून दुसरे काम करणे मला पटणार नव्हते. तो म्हणाला, "करा, पण पेढीच्या वेळेत नाही आणि आपल्या गिऱ्हाइकांचं नाही." अट रास्त होती. मी मान्य केली.

सम्यक आजीविका

या धंद्यात मोह मोठा आहे. माल न देता बिल बनवणारे आहेत. न भरलेला विमा आणि न दिलेली देणगी दाखवून प्राप्तिकराचा परतावा मिळवून देणारे आणि त्यातली टक्केवारी घेणारे एजंट आहेत. नोटीस येते ती कामगाराला. एजंटाचा फोन तोवर बंद झालेला असतो. भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, ती अशा ठिकाणी कसाला लागते. आपल्या हातात सही आली आणि तीच सही खोट्या बिलावर झाली, तर ती नसलेली बरी.

मी ठरवले आहे. नोंदणीचा अर्ज भरला. लोकलमध्ये कल्याण ते मशीद एक तासाहून अधिक वेळ मिळतो, त्यात रोज कायद्याची काही कलमे वाचतो. मुलगी तिच्या पुस्तकाशी, मी माझ्या. नोकरी सोडणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास बसून लहान धंदेवाल्यांचे कागद फुकट वाचून देणार आहे. काम अंगावर घेतले, तर मात्र फी घेईन आणि तारीख पाळीन.

तो नंबर अठराव्या दिवशी चालू झाला. गृहस्थांना नवे कंत्राट मिळाले. ते पेढा घेऊन आले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वेळी स्टेशनवर जायला लावू नका भाऊ."

ज्यांच्या घरात बी.कॉम. झालेला मुलगा वा मुलगी आहे, त्या आई-वडिलांनी आज रात्री जेवताना त्यांना एवढेच विचारावे : बाळा, काम तू करतोस, मग सही कोणाची असते?