सायगावची गदा : विजय चौधरी यांची कुस्ती

विजय चौधरी हे सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी' ठरलेले दुसरे मल्ल. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यातले सायगाव हे त्यांचे गाव. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी तिन्ही वर्षे चांदीची गदा त्यांच्या खांद्यावर होती. मुष्टियुद्धात सर्वांत जड गटाच्या विजेत्याला जो मान मिळतो, तो महाराष्ट्रात या गदेच्या मानकऱ्याला मिळतो. बाकीच्या वजनगटांतले विजेते स्पर्धा संपली की विस्मरणात जातात. गदा जिंकणाऱ्याचे नाव मात्र गावोगावच्या तालमीत भिंतीवर लागते.

मामासाहेब मोहोळ यांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून हा किताब द्यायला सुरुवात केली. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. खानदेशचा या स्पर्धेशी संबंध तेव्हापासूनचा आहे. १९६२ ची स्पर्धा धुळ्याला झाली, १९६६ ची जळगावला. १९७७ मध्ये ती खुद्द चाळीसगावला भरली, पण त्या वर्षी किताब कोणालाच मिळाला नाही, निकाल अनिर्णित राहिला. यजमानपद असे आले, गदा मात्र बहुतेक वेळा कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर या पट्ट्यात फिरत राहिली. लाल मातीचे आखाडे, राजाश्रयाचा वारसा आणि खुराकाची सोय या तिन्ही गोष्टी तिकडे होत्या. पारोळा, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव या भागात यात्रेच्या निमित्ताने कुस्तीच्या दंगली होत आणि त्यांना गर्दीही लोटे. पण यात्रेतली कुस्ती जिंकणे वेगळे आणि वर्षभर तालमीत राहून राज्य पातळीची तयारी करणे वेगळे. होतकरू पोराला त्यासाठी घर सोडून पुण्याकडे किंवा कोल्हापूरकडे जावेच लागे. चौधरी यांनीही तेच केले. घरात कुस्ती होती, वडील स्वतः पैलवान होते. पुढची घडण पुण्यात, हिंदकेसरी रोहित पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली झाली.

किताबाच्या लढतीची रचना समजून घेतल्याशिवाय तीन विजयांचे मोल कळत नाही. ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल माती आणि गादी अशा दोन विभागांत स्वतंत्रपणे लढतात. दोन्ही विभागांचे विजेते अखेरच्या दिवशी समोरासमोर येतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात. चितपट झाली तर कुस्ती तिथेच संपते, नाहीतर गुणांवर निकाल लागतो. म्हणजे काही दिवसांत अनेक जड मल्लांना हरवून आलेल्या थकलेल्या शरीराने शेवटची सहा मिनिटे काढायची असतात. दुसऱ्या वर्षापासून तर प्रत्येक प्रतिस्पर्धी विजेत्याचे डाव पाठ करूनच येतो. म्हणूनच गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार आणि नंतर चंद्रहार पाटील असे एकाहून एक मल्ल दोन वर्षांवर थांबले.

हा बांध प्रथम फोडला नरसिंग यादव यांनी, २०११ ते २०१३ या तीन वर्षांत. त्यानंतरच्या वर्षी अहमदनगरला चौधरी यांनी सचिन येलभर यांना हरवून गदा घेतली. जळगाव जिल्ह्याच्या मल्लाच्या हाती ती यायला २०१४ साल उजाडावे लागले. पुढची स्पर्धा नागपूरला झाली, तिथे अंतिम लढतीत विक्रांत जाधव पराभूत झाले. २०१६ ची स्पर्धा पुण्यातील वारजे इथे झाली आणि तिसऱ्या किताबाच्या आड पुण्याचेच अभिजित कटके उभे होते. त्यांना त्यांच्याच गावकऱ्यांसमोर हरवणे ही तिन्हींतली सर्वांत अवघड कामगिरी मानावी लागेल. कटके किती तयारीचे मल्ल होते, हे पुढच्याच वर्षी भूगावला त्यांनी किताब जिंकून दाखवले.

या कारकिर्दीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती एकट्या चौधरी यांची नाही, महाराष्ट्राच्या कुस्तीची आहे. भारताला ऑलिम्पिकमध्ये कुस्तीची जी पदके मिळाली ती हलक्या आणि मध्यम गटांत. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधव यांनी कांस्य जिंकले ते ५७ किलोच्या आत. सुशीलकुमार ६६ किलोचे, योगेश्वर दत्त ६० चे, रवी दहिया आणि अमन सेहरावत ५७ चे. नरसिंग यादव राज्यात गदेसाठी जड मल्लांशी लढत, पण २०१५ चे जागतिक कांस्यपदक त्यांनी ७४ किलोत मिळवले. आपण मान देतो जड पैलवानाला आणि पदक आणतो हलका. चौधरी यांच्यासारख्या १२५ किलो गटातल्या मल्लाला इराण, रशिया, तुर्कस्तान, जॉर्जिया इथल्या मल्लांशी गाठ असते आणि तिथे यात्रेतल्या दंगलीचा किंवा गदेचाही अनुभव पुरत नाही.

तिसऱ्या किताबानंतर राज्य शासनाने त्यांची पोलीस उपअधीक्षक म्हणून थेट नियुक्ती केली. खुराकाचा खर्च झेपत नाही म्हणून कुस्ती सोडणारी पोरे ज्या भागात बरीच आहेत, तिथे या नेमणुकीचे वजन गदेपेक्षा कमी नव्हते. वर्दी चढवल्यावरही त्यांनी सराव सोडला नाही. २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग इथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत त्यांनी १२५ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि २०२५ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमला ते राखले. ही स्पर्धा जागतिक अजिंक्यपदाच्या तोडीची नव्हे. पण चाकरी सांभाळून तिशीनंतर जड गटात टिकून राहणे सोपे नसते.

दरम्यान कुस्तीगीर परिषदेतच दोन तट पडले आणि एकाच वर्षी दोन 'महाराष्ट्र केसरी' होऊ लागले. शिवराज राक्षे दोनदा जिंकले, पण २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम लढतीत वादग्रस्त निकालावर पृथ्वीराज मोहोळ यांच्याकडून हरले. त्या स्पर्धेची गदा मोहोळ यांनीच नेली. सलग तीन किताबांच्या यादीत तोवर नरसिंग यादव आणि विजय चौधरी ही दोनच नावे होती.