यंत्र-लेखनिक आणि खेळण्यांचा कारागीर

बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण हे गाव लागते. लाखेच्या रंगांनी रंगविलेल्या तेथील लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनाचे संरक्षण लाभले आहे. पूर्वी येथील कारागिराने खेळणे घडवावे व विक्रीचे बोलणे दुकानदाराने करावे, अशी विभागणी असे. आता मोबाइलच्या साहाय्याने कारागीर दूरच्या गिऱ्हाइकाशी स्वतःच बोलू शकतो. परंतु त्यासाठी नुसती किंमत सांगून भागत नाही. खेळणे कसे तयार होते, कोणत्या वयाच्या मुलास द्यावे, कसे पुसावे, असा उपयुक्त व रंजक मजकूर नित्य प्रसिद्ध करावा लागतो. कन्नड बोलणाऱ्या माणसाने तो इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीतही लिहावयाचा! अशा वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेचा लेखनिक त्याच्या मदतीस येतो.

हा लेखनिक लिहितो तरी कसा? ‘मुसळधार पाऊस पडला आणि नदीला’ एवढे शब्द वाचताच पुढचा शब्द ‘पूर’ असावा, हे वाचकांच्या मनात येईल. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भाषेतील अशा संभाव्यतेचा गणिती विचार केला होता. आजची यंत्रे तेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर वापरतात. अफाट मजकुरावरून, कोणत्या शब्दखंडानंतर कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, हे ती शिकतात आणि एकामागून एक शब्दखंड जोडत वाक्य पुरे करतात. २०१७ साली पुढे आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाच्या रचनेमुळे दूरदूरच्या शब्दांमधील संबंधही त्यांना चांगले धरता येऊ लागले. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी खुले झाले आणि ही शक्ती सामान्य दुकानदाराच्या हाती आली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्राने निवडलेला शब्द संभाव्य असतो. तो सत्य असेलच असे नाही. ‘लाकडी खेळण्याची जाहिरात लिही’ एवढेच सांगितले, तर हजारो जाहिरातींत आढळणारे शब्द ते पुढे करील: टिकाऊ, निसर्गस्नेही, सुरक्षित, प्रमाणित. यांतील शेवटचा शब्द तर घातकच ठरू शकतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक चिन्ह बंधनकारक झाले. परंतु नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या मालाला त्यातून सूट देण्यात आली. सूट मिळणे म्हणजे प्रमाणपत्र मिळणे नव्हे. आपल्या कारागिराने यंत्राच्या भरवशावर ‘प्रमाणित’ असे छापले, तर त्याच्या प्रामाणिक मालावर खोटे विधान चिकटले असे होईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘ते यंत्राने लिहिले’ हा बचाव टिकेल काय? कॅनडातील एका प्रकरणात तो टिकला नाही. एअर कॅनडा या विमानकंपनीच्या संवादयंत्राने एका प्रवाशास भाड्यातील सवलतीविषयी चुकीची माहिती दिली होती. आपले संवादयंत्र स्वतःच्या कृतीस स्वतः जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून प्रवाशास भरपाई देवविली.

म्हणून शहाणा कारागीर क्रम उलटा करील. यंत्राला शब्द मागण्यापूर्वी तो आपली माहिती देईल. त्याच्यापाशी सांगण्यासारखे किती तरी असते! लाकूड ‘आले मर’ या झाडाचे. आपल्याकडे त्यास काळा कुडा म्हणतात. लेथवर गरगर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. मग केवड्याच्या जातीच्या वनस्पतीचे पान दाबून त्यावर चकाकी आणतात. यंत्राने आपणहून लिहिलेल्या दहा गोड विशेषणांपेक्षा हे वर्णन गिऱ्हाइकास अधिक पटेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रंग खरोखर वनस्पतिजन्य असतील तरच तसे सांगावे. चित्रांबाबतही हेच: यंत्राने रेखाटलेले, पण कारखान्यात कधी न घडलेले खेळणे दाखवून मागणी घेणे ही फसवणूकच होय.

उरला प्रश्न भाषेचा. इंग्रजीच्या मानाने कन्नड वा मराठी मजकूर यंत्रास फारच थोडा मिळालेला असतो. म्हणून तेथे चुकांचा संभव वाढतो. काळ्या कुड्याच्या फिकट, गुळगुळीत लाकडास इंग्रजीत हस्तिदंताची उपमा असलेले नाव आहे. भाषांतरात त्यातील ‘लाकूड’ गळाले, तर खेळणे हस्तिदंताचे होऊन बसेल. आणि हस्तिदंताच्या व्यापारास तर भारतात बंदी आहे! मराठी न जाणणाऱ्या कारागिरास ही चूक दिसणार नाही. मराठी मजकूर त्याच यंत्राकडून पुन्हा कन्नडमध्ये करून घेतल्यास काही दोष उघडे पडतात, परंतु सर्व नव्हे. यासाठी लाकडाचे नाव, मुलाचे वय, किंमत आणि प्रमाणपत्राविषयीचे विधान एका कागदावर लिहून ठेवावे, आणि मजकूर बाहेर जाण्यापूर्वी मराठी जाणणाऱ्या एखाद्या परिचिताकडून तो त्या कागदाशी ताडून घ्यावा. एवढ्या कामास पाच-दहा मिनिटे पुरतात.