मोडीत निघता निघता

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, नातूबागेत ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. पाटी वाचून परगावच्या माणसाला हटकून वाटतं, कुणा संस्थानिकाचा ठेवा असणार. दिनकर गंगाधर केळकर मात्र चष्म्यांचं दुकान चालवणारे गृहस्थ होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा.

१९२० च्या सुमारास केळकरांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. जुन्या घराण्यांची ऐपत सरत चालली होती, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत जात होती. पत्नी कमलाबाईंच्या साथीने केळकर ती मिळवत राहिले. तलवारी आणि मूर्ती कुणीही जमवील. यांनी अडकित्ते, दौती, समया, पानाचे डबे, दारांच्या चौकटी जमवल्या. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. तरी कुणा कारागिराने अडकित्त्याला पोपट केलं, कुणी घोडा, कुणी जोडपं. टाचा घासायच्या वज्रीचा तळ खरखरीत, पण पाठीवर नक्षीदार पक्षी! न्हाणीघरातल्या वस्तूवर एवढी मेहनत कोण आणि का घेत असेल?

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून इथे उभे केले. गर्दी तिथेच होते. माझं मत विचाराल, तर वेळ अडकित्त्यांना द्यावा.

खासगी संग्रहाचा घात बहुधा वाटणीत होतो. संग्राहक गेला की वारस वस्तू वाटून घेतात, उरलेल्या व्यापारी नेतात; मग कुठली वस्तू कुठून आली, हे सांगणारं कुणी उरत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परदेशी विकायला खासगी माणसाला बंदी केली, पण देशातल्या देशात संग्रह फुटायला तो आडवा येत नाही. केळकरांनी १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यांना पद्मश्री मिळाली, १९९० मध्ये ते गेले. संग्रह एकसंध राहिला.

अडचण आता जागेची आहे. वीस हजारांवर वस्तूंपैकी मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. बाकीच्या कोठारात आहेत. त्यांना दमट हवेपासून, वाळवीपासून जपायचं, नोंदी ठेवायच्या, आलटूनपालटून बाहेर काढायचं, हा खर्च तिकिटांच्या पैशांत भागणारा नाही.