घरगुती सेंद्रिय परसबाग : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
परसबाग हा मराठी घराचा पूर्वापार भाग होता. सदनिकांच्या वाढीबरोबर परस नाहीसे झाले. गच्ची व सज्जा मात्र शिल्लक आहेत. रासायनिक खते व कीटकनाशके टाळून तेथे भाजीपाला पिकविता येतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत मात्र ‘काय पेरावे’ यापूर्वी ‘माती व पाणी कोठून आणावे’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

माती व पाण्याचा प्रश्न :
इ. स. १०६० मधील अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, ती नदी आज औद्योगिक व घरगुती सांडपाणी वाहून नेते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे या नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना त्रास झाला. औद्योगिक सांडपाण्यातून येणारे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू कुजत नाहीत. पालकासारख्या पालेभाज्या ते मुळांवाटे शोषून घेतात व भाजी धुतल्याने शोषलेला अंश निघत नाही. म्हणून नदी-नाल्याकाठची माती किंवा पुराचा गाळ वापरलेली बाग, रासायनिक खत न घालताही, निर्धोक मानता येत नाही. पाणी नळाचेच वापरावे.

माती घरी तयार करणे :
यावरील उपाय म्हणजे घरीच माती घडविणे. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’द्वारे आणि डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीतून हा विचार रुजविला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील कचऱ्यावर बाग फुलविण्यात आली.

छिद्रे पाडलेल्या पिंपात तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात. त्यावर एक भाग ओला कचरा व दोन ते तीन भाग वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचे चिपाड असे थर द्यावेत. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतकेच ओलसर असावे व आठवड्यातून एकदा हलवावे. दुर्गंधी आल्यास पालापाचोळा वाढवावा. सुमारे दोन ते तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत खत तयार होते. पालापाचोळ्याचे प्रमाण अधिक असल्याने कुंड्या हलक्या राहतात व गच्चीवरील भारही मर्यादित राहतो.

लागवड व निगा :
बागेस रोज पाच ते सहा तास ऊन आवश्यक आहे. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच, तर टोमॅटो व वांग्याला सुमारे एक फूट खोली लागते. कोकणपट्टीच्या मुसळधार पावसात कोवळ्या पालेभाज्या कुजतात. म्हणून जूनमध्ये दुधी, दोडका, पडवळ हे वेल लावावेत. मेथी, पालक व मुळा ऑक्टोबरनंतर पेरावेत. माव्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावे.

समारोप :
सज्जातील बाग कुटुंबाची संपूर्ण गरज भागवीत नाही. परंतु २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरीच वेगळा करावयास सांगितलेला ओला कचरा येथे उपयोगी पडतो आणि ताटातील एक तरी भाजी कोणत्या मातीत वाढली, हे कुटुंबाला निश्चितपणे ठाऊक असते. या परिसरात ही खात्री मोलाची आहे.